त्रेचाळीसच्या जाळीतून मामा

मामाच्या डोक्यावर विग आहे हे अख्ख्या मार्केटला माहीत आहे. मार्केटला माहीत आहे हे फक्त मामाला माहीत नाही. घरात त्या वस्तूचं नाव काढायची पद्धत नाही. मामी 'ते' म्हणते. ते वाळलं का बघ, त्याच्यावर बसू नकोस, आज त्याला जरा ऊन दाखव. नवीन माणसाला वाटावं, घरात एखादं आजारी मांजर आहे.

मामाचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. मी त्याची भाची आणि दुकानातली निम्मी मनुष्यशक्ती. काम सोपं आहे. लाकडी चौकटीवर जाळी ताणलेली असते. चित्रापुरती भोकं उघडी ठेवून बाकीची लेप लावून बुजवायची, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने ओढायची. उघड्या भोकांतून शाई कापडावर उतरते. सेंटिमीटरमध्ये जितके धागे, तितका जाळीचा नंबर. नंबर लहान तर भोकं मोठी आणि शाई भसाभसा. नंबर मोठा तर भोकं बारीक आणि रेषा नाजूक. वाळूची चाळण आणि पिठाची चाळण ज्याला वेगळी कळते त्याला हे सांगावं लागत नाही.

मामाला सांगावं लागतं, आणि सांगून उपयोग नसतो. त्याची जाळी एकच, त्रेचाळीस नंबरची. ठळक अक्षरं असोत, नाजूक फुलं असोत, कुणाचं सहीसकट प्रमाणपत्र असो, त्रेचाळीस. एका मुलीने तिच्या मांजराचा फोटो छापायला दिला होता. शर्ट हातात घेऊन ती म्हणाली, अस्वल छान आलंय. मामा हा किस्सा आजही कौतुक म्हणून सांगतो. मी हट्टाने आणलेल्या सत्याहत्तर आणि एकशेवीसच्या जाळ्या भिंतीवर लटकून होत्या, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्यांसारख्या.

अशात मार्केटच्या संघटनेचे जुने अध्यक्ष मुलीकडे कायमचे राहायला गेले आणि निवडणूक लागली. एका बाजूला मामा. दुसऱ्या बाजूला आमच्या मागच्या गाळ्यातले लाँड्रीवाले. त्यांना सगळे कडकशेठ म्हणतात, कारण त्यांची मान वळली तरी शर्टाची कॉलर वळत नाही.

कडकशेठचा जाहीरनामा एका ओळीचा होता. गाळ्यांच्या मागच्या सामाईक नळाला कुलूप लागेल आणि किल्ली लाँड्रीत राहील.

आता या नळावर आमचं पोट आहे. छपाई झाली की जाळी ताबडतोब धुवावी लागते, नाहीतर शाई भोकांत वाळून बसते आणि जाळीचं पाट्यात रूपांतर होतं. दुकानात पाण्याची दुसरी सोय नाही. नळ गेला की दुकान गेलं. दुसरीकडे कडकशेठचंही खोटं नव्हतं. नळाशेजारीच त्यांच्या दोऱ्या आहेत. मध्यंतरी आमच्या जांभळ्या शाईचे शिंतोडे एका हॉटेलच्या चादरींवर उडाले होते. हॉटेलने चादरी परत पाठवल्या आणि खोलीत नक्की काय झालं होतं अशी स्वतःच्याच पाहुण्यांकडे चौकशी सुरू केली.

तर मामाने ठरवलं, प्रचाराला टी-शर्ट छापायचे. काळे शर्ट पडून होते, त्यांवर पांढऱ्या शाईत मामाचा फोटो. फोटो त्यानेच निवडला. त्यात 'ते' फार देखणं दिसत होतं. मी म्हटलं, फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांचा खेळ, एकशेवीसची जाळी घेऊ या. मामाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी धर्म बदलायला सुचवलं होतं. जाळी त्रेचाळीस लागली.

पहिला शर्ट टेबलावरून उचलला आणि आम्ही दोघं बघत राहिलो. भसाभसा उतरलेल्या शाईने सगळे ठिपके एकमेकांत घुसले होते. गाल भरून आले होते, सुरकुत्या गेल्या होत्या, चष्म्याची तारेसारखी काडी शाईने गिळून टाकली होती. उरला एक वाटोळा, गोरा, मिशीवाला गृहस्थ.

"कुणासारखा तरी दिसतोय," मामा म्हणाला.

कुणासारखा ते मला सांगावं लागलं नाही, कारण तेवढ्यात शेजारचा किल्लीवाला त्याचा शर्ट न्यायला आला. तो मामाचा हुकमी मतदार. त्याने शर्ट समोर धरला, मान तिरकी केली, आणि फार हळू आवाजात विचारलं की मामा, माघार घेतलीत का, कडकशेठचा प्रचार आपण का करतोय.

दुपारी मामाने तोंड दुसरीकडे करून भिंतीवरच्या एकशेवीसकडे हात दाखवला. मी जाळी उतरवली. बारीक जाळीतून शाई कमी उतरते, काळ्यावर पांढरं राखेसारखं फिकं दिसतं. म्हणून एक हात मारून, तो गरम हवेने सुकवून, वर बरोब्बर दुसरा हात मारला. शर्ट उचलला. हुबेहूब मामा. पापण्या मोजून घ्याव्यात असा मामा. आणि त्याच्या कपाळावर, जिथे कपाळ संपतं आणि 'ते' सुरू होतं, तिथे या कानापासून त्या कानापर्यंत एक स्वच्छ रेघ. टोपाच्या कडेची शिवण. एक टाका चुकला होता, तोसुद्धा आला होता.

मामी डबा घेऊन आली होती. ती शर्टापुढे बराच वेळ उभी राहिली.

"ते दिसतंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर रेघ पुसून टाकते, पाच मिनिटांचं काम आहे. मामाने विचारलं, कुठली रेघ? मी मामीकडे पाहिलं. मामीने डब्याकडे पाहिलं. रेघच नसल्यामुळे ती पुसता येईना. सत्याहत्तरची जाळीही लावून पाहिली. तिच्यातून विग घातलेले कडकशेठ आले.

मतदान दुसऱ्या दिवशी होतं. मामा स्टुलावर बसून राहिला. त्याच्या एका हातात तो स्वतः होता आणि दुसऱ्या हातात कडकशेठ. मग मामीने डबा खाली ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विषयाला हात घातला.

"अहो, नळ गेला की दुकान जाईल. दुकान गेलं की तुम्ही दिवसभर घरी. घर केवढं आहे तुम्हाला माहितीये. तुम्ही आणि ते, दोघांना मी नाही सांभाळू शकत. एकाला ठेवीन."

तिने कुणाला ठेवलं असतं हे मामाने विचारलं नाही. माझ्या मते त्याला उत्तराची भीती वाटली. तो उठला, शटर अर्धं ओढलं, आमच्याकडे पाठ केली, आणि पोस्टाचं तिकीट पाकिटावरून सोडवावं तसं हळूहळू ते डोक्यावरून सोडवलं. आणि काउंटरवर ठेवलं. माझ्या आयुष्यात मामाचं डोकं मी पहिल्यांदाच बघत होते. चांगलं होतं. गोल, गुळगुळीत, लपवण्यासारखं काही नव्हतं.

"काढ फोटो," मामा म्हणाला. "आणि हसू नकोस."

मामीने स्वतःचा वाचायचा चष्मा त्याच्या नाकावर चढवला. त्याची फ्रेम दरवाजाच्या चौकटीएवढी जाड आहे. मी फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर उघडला, तर त्यात छापण्यासारख्या तीनच गोष्टी होत्या: एक डोकं, एक चष्मा, एक मिशी. नाजूक काही उरलंच नव्हतं. मला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण धंदा आहे.

"मामा, याला त्रेचाळीस लागेल."

त्याने पट्टी स्वतः ओढली. एका हातात, दुसऱ्या थराची गरज न पडता, काळ्या कापडावर पांढरंशुभ्र टक्कल उगवलं. रस्त्याच्या पलीकडून ओळखू यावं असं. पुढच्या प्रत्येक शर्टाला मामा माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. त्या आनंदात शेवटच्या शर्टानंतर त्याने शाईने भरलेली पट्टी काउंटरवर टेकवली. ती काउंटरवर टेकली नाही. ती 'त्या'वर टेकली, आणि हे सगळे शर्ट सुकवून, घड्या घालून झाल्यावर लक्षात आलं. तोवर शाई वाळली होती.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी मामाला बोडक्या डोक्याने मतदानाला जावं लागलं. सुरुवातीला लोकांनी त्याला ओळखलं नाही. मग त्यांनी त्याला शर्टांशी ताडून पाहिलं आणि नमस्कार केले. मामा थोडक्या मतांनी निवडून आला. किल्लीवाल्याचं म्हणणं असं की मामाशी बोलताना नजर कुठे ठेवावी हा मार्केटपुढचा जुना प्रश्न होता, तो सुटला, आणि प्रश्न सोडवणारा माणूस अध्यक्ष हवा.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण निकालानंतरच्या सकाळी मामा म्हणाला, ते आण.

मी म्हटलं, आता कशाला?

"प्रचार संपला. आता खुर्चीवर बसायचंय."

'त्या'च्या भांगात पांढऱ्या शाईचा पट्टा दगडासारखा बसला होता. मी घासून पाहिलं, मामीने घासून पाहिलं. असा डाग काढू शकणारा माणूस मार्केटमध्ये एकच होता. शेवटी मामा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, नाक मुठीत धरून मागच्या गाळ्यात गेला. आम्ही दोघी त्याच्या मागे. कुणीतरी साक्षीदार हवा.

कडकशेठने पिशवीत डोकावलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांनी 'ते' बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि बोटाने पुढची कड चाचपली.

"हा चुकलेला टाका मागच्या महिन्यातच घालून देणार होतो," ते म्हणाले. "वहिनी घाईत होत्या."

मामाने मामीकडे पाहिलं. मामी छताचा पंखा बघत होती. बंद होता.

"दर महिन्याला?" मामाने विचारलं.

"पहिल्या सोमवारी," कडकशेठ म्हणाले. "थंड पाण्यात, हातानेच. मशीनला नाही घालत."

मामाने रिकाम्या पिशवीची बारीक घडी घातली. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्या हातात होतं सगळं. एक शब्द बोलला असतात तर निवडून आला असतात."

"गिऱ्हाइकाच्या कपड्यांबद्दल मी बाहेर बोलत नाही," कडकशेठ म्हणाले. त्यांनी बाह्या दुमडल्या. त्या दुमडताना आवाज झाला. "याला वाहतं पाणी लागेल. अध्यक्षांनी नळाचं काय ठरवलंय?"

अध्यक्षांनी तोवर काहीच ठरवलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सकाळी नळ लाँड्रीचा, चादरी वाळून आत गेल्या की आमचा, आणि जांभळी शाई असेल तर आधी कळवायचं. कडकशेठ म्हणाले, लाल सुद्धा. मामा म्हणाला, लाल सुद्धा.

मग आम्ही सगळे नळावर गेलो. कडकशेठ उकिडवे बसले, त्यांनी कसली तरी बाटली उघडली आणि शाईचा पट्टा अंगठ्याने चोळायला लागले. शाई सुटायला लागली, तिच्याबरोबर एखाद-दुसरा केसही. हे केस असेच मोरीत जातील, ते म्हणाले, गोळा झाले तर मी परत ओवून देईन, खाली धरायला एखादी जाळी आणा.

मी टेबलावरची त्रेचाळीस उचलायला वळले.

"ती नको," मामा मागून म्हणाला. "एकशेवीस आण. त्रेचाळीसमधून केस निसटतात."