निर्णय घेणाऱ्याचं नाव

फॉर्म मीच भरला होता. आईचे कागद भरून भरून हात इतका बसलाय, की तिची जन्मतारीख मी झोपेतही लिहीन. नळी नको, श्वासाचं मशीन नको, शुद्ध परत येणार नसेल तर ओढाताण नको, हे सगळं तिनं सांगितलं तसं लिहिलं. शेवटच्या रकान्यात, 'मी बोलू शकत नसेन तेव्हा निर्णय घेणारी व्यक्ती', तिथं माझं नाव टाकलं. तिला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? नऊ वर्षं तिला अंघोळ घालतेय ती मी.

आई पस्तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती. न वाचता ती गॅसच्या पावतीवरसुद्धा सही करत नाही. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत खुर्ची खिडकीकडे ओढायला लावून तिनं ओळीखाली बोट ठेवून वाचायला घेतलं. मी पहाटे पाचपासून उभी. आधी तिच्या गोळ्या, मग तिची ओली चादर, मग जिना उतरताना तिचं सगळं वजन माझ्या डाव्या खांद्यावर. कधी एकदा सही होतेय आणि घरी जाऊन आडवी होतेय, असं झालं होतं.

शेवटच्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"हे बदल," ती म्हणाली. "इथं धाकट्याचं नाव घाल."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. वर्षातून दोनदा उगवतो. येताना फळं आणतो, जाताना सल्ले देऊन जातो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वा! हगणं-मुतणं मी काढायचं आणि मान त्याला."

समुपदेशक बाई टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागल्या.

"मान कसला आलाय त्यात?" आई म्हणाली. "बाई, एक कोरा फॉर्म द्या."

"आधी कारण सांग. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

आईनं चष्मा काढून पदराला पुसला. "आमच्या वॉर्डात डबल ड्युटी झालेल्या सिस्टरकडे औषधांच्या कपाटाची किल्ली ठेवत नसत. कितीही हुशार असली तरी. माझ्याकडूनही काढून घेतलीय. फार राग यायचा."

"म्हणजे मी चुकेन?"

"नाही गं. तू बरोबरच सांगशील. पण पुढे कधीतरी बसल्या जागी मनात येईल, हे आईसाठी सांगितलं की माझ्या सुटकेसाठी? त्याच्या मनात नाही येणार. तो दमलेला नाही."

तिनं धाकट्याला फोन लावायला सांगितला. मी स्पीकरवर लावला आणि काय ते त्याला सांगितलं.

"ताई, मला नाही जमणार हे," तो लगेच म्हणाला. "तू आहेस ना तिथं."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "ती आहेच. नऊ वर्षं आहे. आता एवढं एक तू कर. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी कर."

शेवटी तो "बरं" म्हणाला, पण रडवेल्या आवाजात. मी कोऱ्या फॉर्मवर सगळं पुन्हा लिहिलं, शेवटी त्याचं नाव लिहिलं. आईनं परत पहिल्या ओळीपासून वाचलं आणि सही केली.

बाहेर बाकावर बसलो. रिक्षा बोलवायचंही माझ्या जिवावर आलं होतं.

"मागच्या महिन्यात मला ताप चढला होता ना," आई म्हणाली, "तेव्हा मी जागी होते."

त्या दुपारी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना क्षणभर मला वाटलं होतं, संपू दे आता. तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पण पस्तीस वर्षं नातेवाइकांचे चेहरे बघितलेली बाई ती.

"आई, मी..."

"सगळ्यांना वाटतं ते," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "माझी आई गेली तेव्हा डॉक्टरांना 'मशीन बंद करा' मीच सांगितलं होतं. तेव्हा मीही अशीच दमले होते. एकतीस वर्षं झाली. अजून मला कळलेलं नाही, कुणासाठी सांगितलं ते."