बाहेरच्या सीलचं तोंड

मोटार बिघडली की माझी स्नेहल माहेरी येते. सणावाराला तिच्या सासरी, ओझरला, पाहुण्यांचा राबता. तेव्हा सून निघणार कशी? आणि एरवी 'पोरीची आठवण येते, पाठवा' असं विहीणबाईंना म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून मी मोटारीला पुढं करतो. गंगापूर धरणात माझी मासेमारीची होडी आहे, तिच्या मागं लावायची ही मोटार. "मला डोळ्यांनी दिसत नाय, खोलायला स्नेहलच पाहिजे," असं मी सांगतो. डोळे ठणठणीत आहेत.

या वेळी मात्र मोटार खरंच बिघडली. पंख्याच्या दांड्याला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळला, त्यानं रबरी ऑइल सील कापलं, पाणी शिरून गिअरचं ऑइल ताकासारखं झालं. मी खुशीत फोन लावला. पण विहीणबाईंचा गुडघा धरलेला. "यायला नाय जमणार, आप्पा. व्हिडिओवर सांगते," स्नेहल म्हणाली. तोंडाशी आलेला घास गेला.

सातपूरहून नवी सीलं आणली आणि फोन डब्याला टेकवून ओट्यावर बसलो. दांड्याभोवती दोन सीलं बसतात, पाठीला पाठ लावून. स्प्रिंगची बाजू म्हणजे तोंड. आतल्याचं तोंड आत, ते ऑइल धरतं. बाहेरच्याचं तोंड बाहेर, ते पाणी अडवतं. हे तिला मीच शिकवलं होतं, ती शाळेत असताना.

आतलं बसलं. बाहेरचं हातात घेतलं. फोनमध्ये स्नेहलच्या मागं विहीणबाई पाय लांब करून बसल्या होत्या.

"याचं तोंड बी आतच करा," स्नेहल म्हणाली.

"आत? अगं, मग पाणी शिरंल. आठ दिवसांत परत खोलावी लागंल मोटार!"

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत हळूच म्हणाली, "लागू द्या ना, आप्पा."

मला वाटायचं, आठवण काय ती म्हाताऱ्यालाच येते. सील उलटं ठोकावं असं फार वाटलं. पण पोरीला घरी यायला दर वेळी काहीतरी मोडावं लागावं, याची लाज वाटली. तोंड बाहेर करून ते नीट बसवलं.

"फोन सासूबाईंकडं दे."

"बोला कारभारीदादा," विहीणबाई म्हणाल्या. "आता आणखी काय मोडलं?"

"काय नाय. मोटार झाली. मला पोरीची लय आठवण येते. तुमचा गुडघा बरा झाला की न्यायला येऊ का?"

त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मग आजवर त्या मोटारीला कशाला मध्ये घालत होता? गुडघा काय, जन्माचा सोबती झाला माझा. रविवारी या. आणि येताना मासे आणा."

स्नेहल मागून काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती. माझ्या ठणठणीत डोळ्यांना पुढचं काही दिसेना.