लाल कडं

सकाळी महाविद्यालयातल्या पाखरांच्या खोलीचं दार उघडलं की बाई आधी ओरडायच्या, "आले रे, आले! जीव जातोय का तुमचा?" घरी असं ओरडायला कुणी नव्हतंच.

बाईंची उभी हयात एकाच प्रश्नात गेली होती: मादी नर कसा निवडते? त्यांचं उत्तर ठाम होतं. गळा ऐकून. गोड गाणारा नर धडधाकट असतो आणि ही जाण मादीच्या रक्तातच असते. नर ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पायांत रंगीत कडी घालायची पद्धत होती. चांगल्या गळ्याचे चटकन दिसावेत म्हणून बाई त्यांना लाल कडं घालायच्या, बाकीच्यांना हिरवं. माणसांचंही तेच, असं त्या वर्गात ठणकावून सांगायच्या. बाया कर्तबगारी बघतात, पुरुष तरुण वय बघतात, बाकी सगळा वरवरचा मुलामा.

"माझी आई वडिलांपेक्षा वयाने चांगली मोठी होती," गणित शिकवणारे प्राध्यापक, सगळ्यांचे गणितवाले, म्हणायचे. "वडिलांना निसर्गाचा निरोप पोचला नसेल बहुतेक."

गणितवाले बाईंचे आकडे तपासून द्यायचे आणि दुपारी डबा घेऊन इथेच बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, शांत माणूस. "अहो बाई, अर्धं तर आपण ऐकून ऐकून शिकतो. कोण कुणाला शोभतं हे शेजारीपाजारीच ठरवतात."

"शेजारणी लाखो वर्षांपूर्वी नव्हत्या!" असं फणकारत बाई त्यांच्याच डब्यातला घास उचलायच्या. दिवसभरात तेवढा वेळ त्यांना एकटं वाटायचं नाही.

मग ग्रंथालयात नवी ग्रंथपाल आली. तरुण, हसरी. एकदा जिन्यात ती काहीतरी बोलली आणि गणितवाले खळखळून हसले. बाई अर्ध्या जिन्यातूनच मागे फिरल्या. पण बाई कसल्या खमक्या! हरायचंच आहे तर आपल्याच तोंडाने हरू, असं त्यांनी ठरवलं. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "दुपारी ग्रंथालयात जात जा की. जोडा शोभेल हो."

गणितवाल्यांचा घास हातातच राहिला. "तुम्हाला असं वाटतं?"

"मला काय वाटायचंय? निसर्गच आहे तो."

एकदा म्हणून गप्प बसतील तर त्या बाई कसल्या. रोज तेच. कारकुनाला सांगितलं, शिपायाला सांगितलं. हा हा म्हणता अख्खी इमारत त्या दोघांना चिडवू लागली, बैठकीत शेजारच्या खुर्च्या राखून ठेवू लागली. गणितवाले डबा घेऊन यायचे बंद झाले. बघा, म्हटलं नव्हतं, असं बाईंनी पाखरांना सांगितलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढे एक दिवस सगळ्यांत सुरेल नराचं लाल कडं तुटलं. लाल शिल्लक नव्हतं, म्हणून बाईंनी हिरवं घातलं. काल त्याच्यासाठी जीव टाकणाऱ्या माद्या आज त्याच्याकडे ढुंकून बघेनात. बिचारा गाऊन गाऊन थकला. बाईंना शंका आली. त्यांनी दुसऱ्या एकाचं लाल कडं काढून घोगऱ्या, बेसूर नराच्या पायात घातलं. माद्या त्याच्याभोवती गोळा!

"अगं बाई! म्हणजे गळा नाही, कडं! आणि ते घातलं मीच की!" बाई ओरडल्या.

इतक्या वर्षांचं काम मातीत गेलं, पण बाईंच्या डोक्यात ते नव्हतंच. आपला डबा घेऊन त्या तशाच जिना चढल्या. गणितवाले एकटेच होते.

"चुकलं माझं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पाखरांना लाल कडं मी घातलं. तुम्हालाही मीच घातलं. निसर्गबिसर्ग काही नव्हतं, मला भीती वाटत होती. तुम्ही डबा घेऊन परत या ना."

गणितवाल्यांनी चष्मा काढला. "जाऊ नका, असं एकदा तरी म्हणाल, म्हणून किती वाट बघितली मी. तुम्ही आपलं रोज जा, जा. मग सगळेच म्हणायला लागले. तिला हसू यायचं, मलाही यायचं. रोज ऐकून ऐकून आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो."

"पण ते खरं नव्हतं ना?"

"तेव्हा नव्हतं," ते हळूच म्हणाले. "आता आहे, बाई."

बाई खाली आल्या. "आले रे, आले," असं नेहमीसारखंच पाखरांना म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला आणि इतक्या दिवसांच्या सवयीने दोन खुर्च्यांच्या मधोमध ठेवला.