वाटीभर मका

मका पिवळाधमक होता. प्रयोगशाळेतला पंखा कुरकुरत होता. दादाच्या शर्टाला कोंबड्यांच्या खुराड्याचा वास येत होता.

तपासायला त्याने वाटीभर दाणे आणले होते, एकेक निवडून. धाकट्या बहिणीने त्यांचा अर्क सेन्सरच्या पट्टीवर टाकला. पट्टीतला वीजप्रवाह मोजून यंत्राने सांगितलं, बुरशीचं विष नाही.

"बघ, उगाच घाबरवत होतीस."

"वर्गातली हुशार पोरं तेवढी परीक्षेला बसवलीस की रे."

दादाच्या गोदामात जाऊन तिने पोत्यांच्या तळातले दाणे काढून आणले. या वेळी आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

"दादा, यातलं कोंबड्यांना काही घालू नकोस."



पहिलं पोतं त्याने सकाळीच कोंबड्यांपुढे ओतलं होतं.