हिरव्या मिशीची गोष्ट

मी एक जुना खरखऱ्या आहे. दुकानात मला ‘गवत कापायचं यंत्र’ म्हणत. पण मी चालू लागलो की खर्र खर्र असा आवाज होतो, म्हणून लोकांनी ठेवलेलं नावच मला चिकटलं. मला वीज लागत नाही, पेट्रोल लागत नाही. दोन चाकं, मध्ये फिरणारी पाती आणि मागे लांब लाकडी दांडा, आडव्या मुठीचा. कुणीतरी ढकललं की मी चालतो. न ढकलता माझं पातंही हलत नाही.

मित्रांनो, मला सरळ गोष्ट सांगता येत नाही. मी हिरवळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो आणि वळून परत येतो. सांगणंही तसंच होणार. सांभाळून घ्या.

वळतो.

कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझी पाती घासली. मला पोचवायला तोच आला होता. दोन घरांनी मिळून मला घेतलं होतं, म्हणून त्याने दोन्ही घरच्यांना समोर उभं केलं आणि सांगितलं, “एक ध्यानात ठेवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चार बोटं चढली पाहिजे. नाहीतर मध्ये मिशी राहते.”

सगळे हसले. मीही नवा होतो. मला वाटलं, गंमतच केली असेल.

वळतो. आता ती दोन घरं.

एकमेकांना टेकून असलेली दोन बैठी घरं आणि त्यांच्यापुढे एकच हिरवळ. मध्ये कुंपण नाही. वसाहतीच्या समितीचा नियमच तसा होता: कुंपण घालायचं नाही, गवत चार बोटांपेक्षा उंच वाढू द्यायचं नाही, आपापल्या दारासमोरचं आपण कापायचं. एका घरात निवृत्त बसचालक राहत, ड्रायव्हरकाका, आणि त्यांच्या पत्नी, काकी. दुसऱ्या घरात शिवणकाम करणाऱ्या शिलाईताई. ताई त्यांना ‘भाऊ’ आणि काकींना ‘वहिनी’ म्हणत. काका त्यांना ‘ताई’ म्हणत.

माझ्या मुठीने तळहाताला फोड यायचे. काकांनी बसच्या जुन्या सीटचं रेक्झिन आणलं आणि ताईंनी त्याचं कव्हर शिवून मुठीवर चढवलं, टाके आतल्या बाजूला घेऊन. आजही ते निसटलेलं नाही. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकच कपडा. त्यासाठी मी दोघांचा ऋणी आहे.

काका ताईंच्या हद्दीत चार बोटं शिरून कापत, ताई काकांच्या. मिशी कधी उरलीच नाही.

वळतो. इथे गवत जरा जाड आहे.

ताईंनी आईच्या घरून आणलेलं बी हद्दीलगत टाकलं होतं. त्याची बारीक पांढरी फुलं गवतात उगवली. समितीचे चिटणीस रोज खिशात लाकडी पट्टी घालून फिरत. त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. तेही ओ देत. ते काकांना म्हणाले, “ही फुलं उंचीच्या नियमात बसत नाहीत. उद्या ताईंना नोटीस देतो.”

ताईंना नोटीस येऊ नये म्हणून काकांनी पहाटेच मला बाहेर काढलं आणि ती फुलं कापून टाकली. न सांगता. वर त्यांना वाटलं, ताई खूश होतील!

ताई बाहेर आल्या. माझ्या पात्यांत पांढऱ्या पाकळ्या अडकल्या होत्या.

“भाऊ, हे काय केलंत?”

“अहो, तुमच्याच भल्यासाठी.”

“माझं भलं करायला माझं अंगण कशाला भादरलंत? एक हाक मारली असतीत तर मी खणून कुंडीत लावली असती!”

काकांना नोटिशीचं सांगता आलं असतं. पण ‘भादरलंत’ हा शब्द त्यांना झोंबला. ते घरात गेले. त्या दिवसापासून ‘ताई’च्या ‘शेजारीणबाई’ झाल्या आणि ‘भाऊ’चे ‘ते ड्रायव्हर’.

आता काका आपल्या बाजूला कापताना हद्दीच्या अलीकडेच थांबत. न जाणो, पुन्हा कुणी म्हणेल अंगण भादरलं! ताईही अलीकडेच थांबत. मी रोज मधल्या गवताकडे बघत राही. ते वाढत गेलं. पोटरीला लागू लागलं. वसाहतीतली मुलं येऊन म्हणत, “बघा, हिरवळीला मिशी फुटली!”

वळतो. सगळ्यात अवघड फेरी हीच.

त्याच काळात काकी न्हाणीघरात फरशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर पाय आखडतील. पण काकींनी फरशीची धास्तीच घेतली. घरात उभ्या राहिल्या की लगेच खाली बसत. काका त्यांना खुर्चीसकट हिरवळीवर आणत. तिथे मात्र त्या काकांचा हात धरून एखादं पाऊल टाकत. म्हणत, “इथं पडले तर गवतावर पडेन.” सगळ्या जगात त्यांच्या चालण्यापुरती तेवढीच जागा उरली होती.

आणि तिच्यावरच फूटपट्टींनी नोटीस आणली. मिशी रविवारपर्यंत निघाली नाही, तर समिती हिरवळ काढून सिमेंटच्या फरशा बसवणार.

काका म्हणाले, मिशी ताईंच्या बाजूची आहे. ताई म्हणाल्या, काकांच्या. काका मला मिशीपर्यंत घेऊन गेले आणि तिथेच सोडून परतले. ताईंनी मुठीला हात लावला आणि काढून घेतला. दोघांनाही फरशा नको होत्या. मला बोलता येत असतं तर! पण मला फक्त खरखरता येतं, तेही कुणी ढकललं तर.

रविवार उजाडला. फूटपट्टी पट्टी घेऊन हजर. काका आणि ताई मिशीच्या दोन बाजूंना उभे राहून भांडू लागले.

“अहो बाई, मोजा ना! निम्म्याहून जास्त तुमची आहे!”

“मोजायला तुम्ही आहात की! फुलं बरी न मोजता कापलीत!”

“तुम्हाला नोटीस येणार होती म्हणून कापली!”

ताई म्हणाल्या, “मग हे तेव्हा का नाही बोललात?”

आणि तेवढ्यात माझ्या मुठीवर कुणाचा तरी हात पडला.

काकी होत्या. सकाळी काकांनी त्यांची खुर्ची मी उभा होतो तिथेच, मिशीजवळ, आणून ठेवली होती. त्या एकट्याच उठल्या होत्या.

मित्रांनो, कापलेल्या गवतावर मी सुळकन पुढे पळतो. तिथे त्यांनी मला धरलं असतं, तर मी निसटलो असतो आणि त्या पडल्या असत्या. पण माझ्यासमोर मिशी होती. त्या दाट गवतात माझी चाकं रुतली. मी जागचा हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच न हलण्याचा कुणाला उपयोग झाला. काकींनी सगळा भार माझ्यावर टाकला आणि ढकललं. खर्र. एक पाऊल.

“अगं थांब! पडशील!” काका ओरडले.

“पडले तर गवतावरच पडेन ना? सरका. भांडणं तुम्ही करा, मिशी मी कापते.”

खर्र. आणखी एक पाऊल. ताईंनी धावत येऊन मुठीचं एक टोक धरलं, काकांनी दुसरं.

“ताई, जरा डावीकडे घ्या.”

“आधी तुमचा पाय काढा, भाऊ, चाकाखालून!”

फूटपट्टींनी पट्टी काखेत मारली आणि काकींची खुर्ची उचलून मागोमाग चालू लागले, न जाणो, बसावंसं वाटलं तर. गवत दाट होतं; मी अडखळत, आडवंतिडवं कापत गेलो. पण शेवटपर्यंत गेलो.

फूटपट्टी वाकून बघत म्हणाले, “फारच वाकडं कापलंय.” मग काकींकडे पाहून म्हणाले, “वाकड्याचा नियम नाही आपल्याकडे.”

वळतो. ही शेवटची फेरी.

काकी पुढे कितीतरी दिवस मला धरून चालल्या. आता त्यांना माझी गरज नाही. हिरवळीसाठी विजेचं यंत्र आलं आहे आणि मी पडवीत भिंतीला टेकून असतो. पाती बोथट झाली, पण काका मला तेल देतात आणि ताईंनी कव्हराचा उसवलेला टाका मागच्याच आठवड्यात घातला. जाता-येता काकी माझ्या मुठीवर हात ठेवतात. आधारासाठी नाही. असाच.

मिशीच्या जागी ती पांढरी फुलं पुन्हा आली आहेत, यंदा जमिनीलगत बसून. फूटपट्टींनी गुडघे टेकून मोजली आणि म्हणाले, “बसतात नियमात.”

म्हणून मित्रांनो, घरात कुणी जुना खरखऱ्या असेल तर त्याला उघड्यावर गंजू देऊ नका. आणि शेजाऱ्याच्या बाजूला चार बोटं जास्त जात जा. फक्त जाण्याआधी एक हाक मारा.