दिवाणी

"जाने, बांध फोड गो! पाणी येऊ दे तुझ्या तुकड्यात!"

ही धोंडीबाची हाक. धोंडीबा जाऊन वर्षं झाली, जानी तर त्याच्याही आधी गंजाडहून उधव्याला नांदायला गेली होती. पण कुठं पाटाचं पाणी खळाळलं की बाप तिच्या कानात उभा राहायचा. विहिरीखालचा तुकडा त्यानं तोंडानंच तिला देऊन टाकला होता.

बाप गेला तेव्हा लेकींनाही वाटा देणारा कायदा नवा नवा आला होता. भाऊ चैत्या लगोलग तिला माहेरी घेऊन आला. आईनं, बायजीनं, ओटी भरली. ओटीचे तांदूळ पदरात असतानाच चैत्यानं तिचा अंगठा धरला. "विहीर खोल करायचीय. परवानगीचा कागद आहे. लाव."

तो हक्कसोडीचा कागद निघाला.

जानीनं डहाणूच्या कोर्टात फसवणुकीची फिर्याद केली. तुकडा गेला तर जावो. भावानं फसवलं, एवढं कुणी मोठ्या माणसानं मोठ्यानं म्हणावं, इतकंच तिला हवं होतं. साक्षीला आई आली. लेकीकडं न बघता म्हणाली, "ओटी भरून मी चुलीशी गेले. मला काय ठावं?" तरी मॅजिस्ट्रेटनं खटला पुढं चालवला, तसा चैत्या मुंबईच्या कोर्टात गेला.

आज डहाणूत जानीच्या वकिलानं आपल्या ओसरीवरच निकाल सांगितला. "फिर्याद रद्द. वरचं कोर्ट म्हणतं, यात गुन्हा नाही. हे दिवाणी आहे."

जानी पांढरी पडली. उधव्याच्या बाजारात गुजराती बायका खुळीला दिवानी म्हणत.

"मला दिवाणी म्हणाले?"

वकील हसला. "तुला नव्हे बाई, वादाला. जमिनीचा वेगळा दावा लाव. चालेल आठ-दहा वर्षं."

"म्हणजे अंगठा धरला तो शहाणा, नि दिला ती दिवाणी."

चैत्या आईला घेऊन पेढे वाटत आला. "घे गो, तोंड गोड कर. रक्ताचं नातं काय तुटतं?"

"आयेला दे. तिचं तोंड साक्षीला उघडलं नाही, पेढ्याला तरी उघडेल."

बायजीनं पेढा घेतला, खाल्ला नाही. चैत्या एसटी बघायला गेला. त्याची पाठ वळताच म्हातारी लेकीजवळ सरकली. पेढा मुठीत पार चुरला.

"तो रडत होता गो जाने. खरं सांगितलं तर तू अंगठा देणार नाहीस म्हणून. माझी भाकर त्याच्याच चुलीवर होती..." तिनं पहिल्यांदाच लेकीच्या डोळ्यांत बघितलं. "विहिरीचं नाव घे, असं त्याला मीच शिकवलं."