तिन्हीसांजेचं दार

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचं ते घर ऐंशी वर्षांचं. फटींतून वारा असा घुसायचा की, गुरुनाथ सांगे, टेबलावर उघडं ठेवलेलं पुस्तक आपणच पानं उलटून शेवट सांगून टाकी. २००५च्या हिवाळ्यात त्याने कंबर कसली. खिडक्यांना प्लॅस्टिक, त्यावर ब्लँकेटं, माळ्यावर गुडघाभर इन्सुलेशन, फटीफटीत फोम. दिवाळीतली फोडणी नाताळापर्यंत घरातच मुक्कामाला राहिली.

उरलं एकच भगदाड, ते म्हणजे बायको. रत्ना तिन्हीसांजेला दिवा लावून पुढचं दार दहा मिनिटं सताड उघडं ठेवी. लक्ष्मी येते म्हणे. नाव लक्ष्मीचं, वाट ईशानची, हे गुरुनाथ ओळखून होता. पोराने इंजिनिअरिंग सोडून जुन्या घरांची दारं-खिडक्या दुरुस्त करायचा धंदा धरला, तेव्हा बापानेच सुनावलं होतं, या दारात पाऊल ठेवू नकोस. त्याला दोन वर्षं झाली. पोरगा आईचाही फोन उचलत नसे. ती त्याच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवी, की घर फार गार पडतं रे.

जानेवारीत गुरुनाथने पुढच्या दारावर आतून जाड गोधडी ठोकली, कडेने टेप मारली. बेलच्या तारेच्या भोकातून वारा येई, म्हणून तार तोडून तिथेही फोम भरला. रत्नाने दिवा स्वयंपाकघरात नेला. मागच्या खोलीत हीटरपाशी दोघं टीव्ही बघत बसू लागली. घर असं ऊबदार झालं की गुरुनाथ बनियनवर फिरू लागला.

एका सकाळी तो गराजमधून बर्फ उपसायला बाहेर पडला. पुढच्या दारापर्यंत बुटांचे ठसे गेले होते. पायरीवर बराच वेळ घुटमळून परत फिरले होते. तिथेच एक लांबट खोका होता. आत दाराच्या फटींना लावायची पितळी पट्टी, अगदी याच दाराच्या मापाने कापलेली. सोबत इंग्रजीत चिठ्ठी: पट्टी बसवून द्यायला आलो होतो, घरात कोणी नव्हतं.

त्याने तिथूनच ईशानला फोन लावला. मशीन बोललं.

रत्नाने चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाली, "लक्ष्मी परत गेली तर चालतं हो. तिला घरं पुष्कळ आहेत."

गोधडी त्यानेच ओरबाडून काढली. त्या संध्याकाळी दार सताड उघडं होतं. तळघरातली घर तापवायची भट्टी अख्ख्या न्यू जर्सीला ऊब देत धडधडत होती. गुरुनाथ माकडटोपी घालून दारात बसून राहिला. नवा बर्फ ठसे भरत होता. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"लावू का दार?" रत्नाने विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला.